बाजेचे चार खूर

शेळी सुटली होती, एवढंच झालं होतं.

सुटली आणि थेट यारीवाल्याच्या परसातल्या भोपळ्याच्या वेलावर जाऊन तुटून पडली. यारीवाल्यानं तिच्यावर काठीही उगारली नाही. पाठीवर हात फिरवत तिला शेजारच्या दारापर्यंत नेली. गळ्यातलं दावं तुटलेलं दिसलं म्हणून घरातून हातभर दोरी आणली आणि खुंटाला नीट बांधली. वळून निघणार तेवढ्यात दार उघडलं आणि सूनबाई बाहेर आली.

"कुणी बांधली ही?"

"सुटली होती वहिनी. दावं तुटलं होतं, म्हटलं..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. आत गेली आणि विळा घेऊन आली. एका हिसक्यात दोरी कापली आणि तुकडा त्याच्या अंगावर भिरकावला.

"तुझ्या हातचा दोर माझ्या दारात नको! एकदा बघितलाय तुझा दोर. एकच माणूस होता घरात कर्ता, तो खाल्ला त्यानं. आता शेळी पण खायचीय का?"

शेजारीपाजारी दारात आले. मोकळी झालेली शेळी पुन्हा भोपळ्याच्या वेलाकडे निघाली, तेव्हा एका बाईला हसू आलं, पण तिनं ते पदराआड दाबलं. यारीवाल्यानं मातीत पडलेला तुकडा उचलला, खिशात घातला आणि मान खाली घालून घरात गेला. त्याची बायको चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "कशाला जाता हो? खाऊ द्यायचा होता वेल."

तो म्हणाला, "सवय आहे गं."

सवय खरीच होती. लांब्या जिवंत होता तेव्हा या दोन घरांमधलं कुंपण नुसतं नावाला होतं. लांब्या म्हणजे सूनबाईचा नवरा. ताडासारखा उंच माणूस. विहिरीत उतरून दगड फोडायचा, आणि यारीवाला वर यारी चालवायचा. यारी म्हणजे विहीर खणताना खालचे दगड वर ओढायचं लोखंडी यंत्र. तिच्या दोराला लोखंडी टोपलं लावलेलं असतं. खाली लांब्या टोपलं भरायचा, वर हा ओढायचा. पंधरा वर्षं दोघांनी मिळून विहिरी खणल्या. मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दगडांनी भरलेलं टोपलं अर्ध्यावर आलं असताना दोर तुटला. लांब्या खालीच होता.

त्याला सव्वा वर्ष झालं होतं. चौकशीला साहेब आले, त्यांनी दोर बघितला, कागद लिहिले. यारीवाल्यानं सांगितलं, दोर धड होता, अचानक तुटला. साहेब गेले. पण गावानं आपला निकाल आपण लावला. विहिरीच्या कामाला त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तो गेला नसता. यारी घरामागे गंजत पडली आणि तो लोकांच्या शेतात मिळेल ते काम करू लागला. पण तिथंही बांधावर जेवायला बसला की चौघं जण थोडं सरकून बसत. नळावर त्याची बायको गेली की चाललेलं बोलणं बंद पडे.

या सगळ्यात घराबाहेरचं एकच माणूस त्याच्याशी बोलत होतं, आणि ते होतं लांब्याची आई.

तिला सगळे मोठीआई म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळं चाचपून. रोज सकाळी ती कुंपणाचे खांब मोजत तिसऱ्या खांबापाशी यायची आणि पलीकडे तोंड करून विचारायची, "काय रे, आभाळ कसं आहे?"

पहिल्या दिवशी यारीवाल्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पोरगा जाऊन महिना नव्हता झाला. तो नुसता उभा राहिला. तिनं पुन्हा विचारलं, "अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? आभाळ कसं आहे?"

"मोकळं आहे," तो कसाबसा म्हणाला.

"बरं," म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून रोज. उन्हाळ्यात "तापलंय", थंडीत "धुकं आहे", पावसाळ्यात "दक्षिणेला काळं दिसतंय". कधीकधी दिवसभरात त्यानं बोललेले शब्द तेवढेच असत. एके दिवशी मात्र तो बाहेर आला नाही. बायको माहेरी गेली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि पहाटे त्याच्या मनानं घेतलं होतं की आता पुरे, त्या विहिरीवर जायचं आणि सुटायचं. मोठीआईनं तीनदा हाक मारली. मग नातीला सांगितलं, "मार गं खडे त्याच्या पत्र्यावर." सहा वर्षांची पोर ती, तिला तेवढंच हवं होतं. ताडताड खडे पडायला लागले. शेवटी त्याला दार उघडावंच लागलं.

"आभाळ मोकळं आहे मोठीआई," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

"बरं. उद्या पण सांग," ती म्हणाली.

तो विहिरीवर गेला नाही. उद्या सांगायचं होतं म्हणून.

सूनबाईला हे बोलणं विषासारखं लागायचं. पण सासूपुढे तिचं चालत नव्हतं. शेळीचं भांडण झालं त्या दिवशी मात्र ती हट्टालाच पेटली. दुपारी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि सगळं कुंपण काट्यांनी झाकून काढलं. सासूला म्हणाली, "आता त्या बाजूला गेलात तर काटे लागतील. जाऊ नका."

मोठीआई एवढंच म्हणाली, "काटे मला लागतील की तुला, ते बघू."

दोन दिवस ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. त्या पावसानं अंगणातली काळी माती लोण्यासारखी झाली होती. सूनबाई गोठ्यात होती. मोठीआई हळूच बाहेर पडली. खांब हाताला लागेनात, सगळीकडे काटेच. चाचपत चाचपत ती कुंपणापासून लांबून निघाली, ओळखीची वाट सुटली आणि पाय सटकला.

यारीवाल्यानं धपकन आवाज ऐकला, आणि मग एक बारीक कण्हणं. तो काट्यांवरूनच पलीकडे उडी मारून गेला. तळपायात काटे घुसले, ते त्याला नंतर कळलं. मोठीआई चिखलात एका कुशीवर पडली होती आणि एक पाय भलतीकडेच वळला होता. त्यानं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. 'तुझ्या हातचं नको.' त्याला ते शब्द आठवले.

"वहिनी!" तो ओरडला. "वहिनी, लवकर या!"

सूनबाई धावत आली. सासूला एकटीनं उचलायला गेली तशी म्हातारी किंचाळली. सूनबाईनं हात सोडले, पुन्हा धरले, पुन्हा सोडले. पाऊस डोक्यावर कोसळत होता आणि तो माणूस हातभर अंतरावर थिजून उभा होता.

चिखलात पडल्या पडल्या मोठीआईच म्हणाली, "अगं, त्याला काय शोभेला उभा केलाय? हात लावायला सांग त्याला."

सूनबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "धरा."

गावापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर. मधली वाट काळ्या रानातून. पावसाळ्यात त्या वाटेनं बैलगाडीसुद्धा जात नाही, चाक आसापर्यंत रुततं. आजारी माणसाला बाजेवर घालून खांद्यावरून न्यायचं, दुसरा इलाज नाही. बाजेचे चार खूर, त्यांना चार माणसं. सूनबाई एक, यारीवाला दोन, त्याची बायको तीन. चौथ्यासाठी यारीवाला चार दारं फिरला. माणसं घरात होती. एकाची कंबर दुखत होती, एकाला गुरं सोडायची होती. तिसऱ्यानं दार अर्धं उघडून स्पष्टच सांगितलं, "तू ज्याला खांदा देतोस तो परत येत नाही, बाबा. आमची पोरं लहान आहेत."

शेवटी लोहार आला. घणाचे आवाज ऐकून ऐकून त्याचे कान गेले होते. काय झालंय ते खाणाखुणांनी सांगितल्यावर तो मोठ्यानं ओरडला, "मग एवढा वेळ काय करत होतात?" आणि भात्यावरून तसाच उठला. सहा वर्षांच्या पोरीला त्याच्या बायकोपाशी ठेवली. मोठीआईवर जुना प्लास्टिकचा कागद पांघरला आणि बाज उचलली.

काळी माती पायाला धरते. दहा पावलं गेलं की तळव्याखाली शेर-दोन शेर माती चिकटते, झटकावी तर तोल जातो. पुढे यारीवाला आणि सूनबाई, मागे लोहार आणि यारीवाल्याची बायको. सूनबाई त्याच्याहून बुटकी. तिच्या बाजूनं बाज उतरती होई, म्हणून तो गुडघे वाकवून चालत होता. वाकलेल्या गुडघ्यांनी चिखलातून चालणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. त्याच्या मांड्या थरथरत होत्या. तळपायातले काटे दर पावलाला आणखी आत जात होते. पण तो सरळ झाला नाही. सूनबाईनं ते अर्ध्या वाटेत बघितलं.

"मोठीआई, दुखतंय का फार?" मागून यारीवाल्याच्या बायकोनं विचारलं.

"नाही गं, पालखीत बसल्यासारखं वाटतंय," म्हातारी दात आवळून म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आभाळ कसं आहे रे?"

"सगळं भरलंय. कुठंच फट नाही."

"कशाला विचारता तेच तेच!" सूनबाईचा आवाज एकदम चढला. "याच्यापायीच पडलात ना? काय करायचंय तुम्हाला आभाळाचं? शेत पेरायचंय की कापायचंय?"

"मला काय करायचंय आभाळाचं," मोठीआई म्हणाली. "हा सकाळी उठलाय की नाही, ते कळत होतं मला. एक गेला त्या विहिरीत. दुसरा जायला नको."

सूनबाईनं खांद्यावरचा खूर घट्ट धरला. मागून लोहार ओरडला, "पुढं ओढा आहे! जपून!"

ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं, गढूळ आणि ओढीचं. बाज दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायची आणि पाय घासत घासत पुढे न्यायचे. मध्यावर सूनबाईचा पाय गोट्यावरून निसटला. ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली, हातातला खूर सुटला, बाज कलली आणि मोठीआई "आई गं" करून ओरडली. यारीवाल्यानं कसा कोण जाणे, पण पुढचा दांडा पुरा आपल्या डोक्यावर घेतला. दोन्ही खूर त्याच्या दोन हातांत. मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या. "मी आहे," तो म्हणत होता, "मी सोडत नाही, मी सोडत नाही..." कुणाला सांगत होता कोण जाणे. सूनबाई खोकत उठली. तिनं त्याचा चेहरा बघितला. दात विचकलेले, डोळे बाहेर आलेले, आणि पावसाबरोबर गालांवरून वाहणारं पाणी. तिनं पुढे होऊन आपला खूर पुन्हा धरला.

डांबरी रस्त्यावर तासाभरानं दुधाची गाडी मिळाली. कॅन एका बाजूला सरकवून बाज आत घातली. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला, बघितला, आणि सूनबाईला आणि यारीवाल्याच्या बायकोला बाजूला बोलावून सांगितलं की खुबा मोडलाय. या वयात, असल्या हृदयाला, शस्त्रक्रिया झेपणार नाही. दुखण्याचं औषध देतो, घरी न्या. एका कुशीवर पडून राहिल्या तर पाठ सडेल, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदला. "किती दिवस?" सूनबाईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "असतील तेवढे दिवस."

ती बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. बाकाच्या एका टोकाला यारीवाला पायातले काटे काढत होता. मध्ये लोहार भिंतीला टेकून पेंगत होता. यारीवाल्याची बायको आत मोठीआईपाशी होती. पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं.

"काटे मी लावले होते," सूनबाई एकदम म्हणाली. समोरच्या पाण्याकडे बघत होती. "नसते लावले तर पडल्या नसत्या."

यारीवाल्यानं आणखी एक काटा उपटला. म्हणाला, "माती निसरडी होती."

"चौकशीला साहेब आले होते, तेव्हा तुम्ही सांगितलंत, दोर धड होता." तिनं ओला पदर पिळला. "मला खरं सांगा."

सव्वा वर्ष ज्या प्रश्नाला तो भीत होता, तो असा हळू आवाजात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. खोटं बोलायचं बळ अंगात उरलंच नव्हतं.

"धड नव्हता. सकाळी तेल लावताना बघितलं, एक पेड तुटला होता. म्हटलं, आजचा दिवस निघेल, उद्या बदलू." त्यानं हातातला काटा खाली टाकला. "आजचा दिवस निघाला नाही, वहिनी. मला बोला, मारा, गावाला सांगा. मी नाही म्हणणार नाही."

ती उठेल, पायातलं काढून मारेल, असं वाटून त्यानं डोळे मिटून घेतले. पण ती उठली नाही.

"त्यांनी पण बघितला होता," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले.

"सकाळी निघताना म्हणाले, दोर खराब झालाय, आज उतरायला मन घेत नाही. सांगतो त्याला. आणि मीच म्हटलं, परवाच तर त्यांच्याशी तुमचं वाजलंय, आज पुन्हा नको. मनाला लावून घेतात ते. उद्या सांगा." तिनं तोंडावर पदर घेतला, पण आवाज आवरला नाही. "मीच म्हटलं, भाऊजी. उद्या सांगा म्हटलं. हे मी आजवर भिंतीलासुद्धा बोलले नाही. तुम्हाला शिव्या घालायचे ना, त्यातल्या अर्ध्या माझ्या मला असायच्या."

ती रडत होती. तो पण रडत होता. दोघांच्या मध्ये लोहार जागा झाला. त्यानं आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. ऐकू काही आलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारी गेली. त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि उठून आत डोकावला. तिथं मोठीआई यारीवाल्याच्या बायकोच्या हातून घोट घोट चहा पीत होती. लोहार बाहेर येऊन खेकसला, "अरे, जिवंत आहे ती! रडता काय?"

जशी नेली तशीच तिला परत आणली. तोच ओढा, तीच माती. ज्यांनी सकाळी दारं लावली होती ते आता पाऊस उघडल्यावर ओट्यांवर बसले होते. बाज गावातून जाताना ज्याची कंबर दुखत होती तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी घेऊ का खांदा?" सूनबाई न थांबता म्हणाली, "आता आलं घर."

त्या दिवशी दोन घरांचं सगळं वैर धुऊन गेलं, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. लांब्या गेला होता तो गेलाच होता. नंतरही कधी सूनबाई कामात असताना यारीवाल्याकडे बघायची आणि तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा, तेव्हा तो बाहेर निघून जायचा. त्यानं एकदा विचारलं, गावापुढे उभा राहून दोराचं सांगू का? ती म्हणाली, "सांगायचं तर दोघांचं सांगावं लागेल. म्हातारी ऐकेल. तिला नका ऐकवू." ते तसंच राहिलं, दोघांच्या छातीवर.

बाभळीच्या फांद्या मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी ओढून काढल्या, कारण यारीवाल्याला आणि त्याच्या बायकोला सारखं तिकडून इकडे यावं लागायचं. मोठीआईला कुशीवर वळवायचं म्हणजे एकीचं काम नव्हतं. पाठीखालच्या चादरीची चार टोकं धरून सगळ्यांनी एकदम उचलायचं, नाहीतर मोडलेल्या हाडाला हिसका बसायचा. यारीवाल्याची बायको दिवसा येई. सकाळ-संध्याकाळ तो येई. येताना कधी चुलीसाठी कोरडी लाकडं आणी, कधी नळावरून भरलेला हंडा. सूनबाई नको म्हणत नसे. नळावर एके दिवशी तिनं आपली घागर बाजूला केली आणि यारीवाल्याच्या बायकोला म्हणाली, "तुमची लावा आधी, तुम्हाला आमच्याकडे यायचंय." बायका ऐकत होत्या. त्यानंतर नळावरचं बोलणं तिच्यापायी बंद पडलं नाही.

पण मोठीआई उठणार नव्हती. औषधानं दुखणं थोडं दबायचं, पुन्हा उफाळायचं. इतकं जपूनही पाठीवर जखम झाली. महिन्याभरात ती हाडांचा सापळा झाली. कधी सुनेला ओळखायची, कधी यारीवाल्यालाच लांब्या समजून हात धरायची आणि विचारायची, "आलास का रे वर?" पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यानं सूनबाईकडे बघितलं. तिनं मान डोलावली. तो म्हणाला, "आलो." मग म्हातारी झोपली.

पाऊस सरत आला होता तेव्हाची एक सकाळ. रात्रभर मोठीआई कण्हत होती, आता तेवढंही बळ नव्हतं. यारीवाला आला, हात धुतले, कोरडे केले आणि चादरीची त्याच्या बाजूची टोकं मुठीत धरली. पलीकडे सूनबाईनं धरली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विंचरायला वेळ नाही. पोरगी उंबऱ्यात बसून बघत होती.

"उचलू?" त्यानं विचारलं.

"थांबा," सूनबाई म्हणाली. तिनं चादर आपल्याकडे थोडी ओढून घेतली, पकड सारखी केली आणि पाय रोवले. "तुमच्या बाजूला जास्त भार येतो रोज. थोडा माझ्याकडे येऊ द्या. हं, आता उचला."